साडेनऊ ते बारा

"अरे, पण हा गेम जिंकायचा कसा?" आमच्या रूमवर टेबलटॉप आरपीजीचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच. आणि दुसरा, "किती वेळ लागतो?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे : जिंकायचा नसतोच. दुसऱ्याचं उत्तर आम्ही सेकंड इयरला चुकीचं दिलं आणि आमचा पहिला ग्रुप तिसऱ्या शनिवारीच मोडला. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी मूळ फंडा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात (हॉस्टेलवर टेबल म्हणजे दोन कॉट जोडायच्या आणि मध्ये ड्रॉइंग बोर्ड). त्यातला एक गेम मास्टर. मी त्याला सूत्रधार म्हणतो, कारण काम तेच आहे. बाकी प्रत्येकाकडे एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करेल ते सांगतात, आणि जमेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, म्हणून एक तुकडाच देतो.

सूत्रधार : इंजिन रूमचं दार आतून बंद आहे. आत कुणीतरी ठकठक करतंय. यानात तर तुम्ही चौघंच आहात, आणि चौघंही इथे बाहेर उभे आहात.

पहिला : मी कुलपाचं सर्किट बायपास करतो.

दुसरी : थांब रे! मी आधी दाराला कान लावते आणि विचारते, "कोण आहे?"

सूत्रधार : ठकठक थांबते. मग आतून तुझ्याच आवाजात उत्तर येतं, "मीच आहे, उघडा."

आता पुढे काय, असं वाटलं ना? झालं, खेळ तुम्हाला कळला.

हा प्रकार जन्मला अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, युद्धाचे खेळ खेळणाऱ्या मंडळींच्या तळघरांत. त्यातला मला सगळ्यात आवडणारा किस्सा 1969 चा. मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने एक लढाई रचली, पण लढाईआधी त्याने गंमत म्हणून प्रत्येक खेळाडूला त्या गावातली एकेक भूमिका दिली. पोरं आपापसात कट-कारस्थानं करत सुटली आणि लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं आपला खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्याच मंडळातल्या डेव्ह अर्नेसनने ही कल्पना उचलून पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्ससोबत 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर गायगॅक्स घरी बूटदुरुस्ती करून संसार चालवत होता. डब्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहणाऱ्यांना हे नाव सांगायला नको.

आमची चूक इथूनच सुरू झाली. नाव माहीत होतं म्हणून आम्ही थेट त्याच खेळाचं जाडजूड पुस्तक उतरवून घेतलं. तीनशेच्या वर पानं! मी सूत्रधार. रोज रात्री थोडं थोडं वाचायचं ठरवलं, तेवढ्यात अप्लाइड मेकॅनिक्सची बॅक आडवी आली. तरी जिद्दीने मी एका राज्याचा इतिहास लिहिला : अकरा फुलस्केप पानं, राजाच्या पणजोबापासून. पहिल्या शनिवारी नुसती पात्रं बनवण्यात साडेतीन तास गेले. दुसऱ्या शनिवारी मंडळी राजवाड्याकडे निघाली, वाटेत एक घोडा दिसला, आणि घोडेवाल्याशी घासाघीस करण्यात दीड तास गेला. पणजोबा तसेच राहिले. तिसऱ्या शनिवारी दोघांचं सबमिशन, एकाचा भाऊ आलेला, आणि मी एकटा ड्रॉइंग बोर्ड मांडून बसलेलो.

तेव्हा रागच आला होता. आता कळतं की पोरांचं काही चुकलं नव्हतं. घोडेवाल्याचा दीड तास हाच आमचा खरा खेळ होता, वेस्लीच्या गावासारखा. मीच तो वाया गेला असं धरून चाललो. आणि दुसरं म्हणजे, आठवड्याला चार तास, तेही वर्षभर, असं कबूल करून घेणं हे हॉस्टेलवर टिकणारं गणितच नाही. या खेळांना राक्षस मारत नाही, टाइमटेबल मारतं.

त्यामुळे नवशिक्याला माझं सांगणं एवढंच : पहिला खेळ एका पानाचा निवडा आणि एका रात्रीत संपवा. असे खेळ खरोखर आहेत. आम्ही खेळतो तो जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' 2013 चा आहे, फुकट मिळतो आणि सगळे नियम एका पानावर मावतात. झेरॉक्सचा खर्च काय तो तुमचा. तुम्ही एका अंतराळयानाचे कर्मचारी, कॅप्टन बेशुद्ध पडलाय, आता निस्तरा. पात्र बनवायचं म्हणजे स्वभाव आणि काम निवडायचं, आणि 2 ते 5 मधला एक आकडा घ्यायचा. डोक्याने, तंत्राने काम करायचं असेल तर साध्या सहा बाजूंच्या फाशावर तुमच्या आकड्यापेक्षा कमी पडलं पाहिजे. माणसं जिंकायची असतील, बोलून, जीव ओतून, तर जास्त. तयारी करून गेलात तर एक फासा वाढतो, त्या कामात तरबेज असाल तर आणखी एक. नेमका तुमचाच आकडा पडला तर सूत्रधाराला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरं उत्तर द्यायचं.

आपल्या लोकांना यातली गंमत लगेच दिसेल. आकडा 5 घेतलात तर तंत्रासाठी 1 ते 4 असे चार अंक तुमचे, म्हणजे 67 टक्के. माणसांशी बोलायला मात्र फक्त 6, म्हणजे 17 टक्के. तयारीने दुसरा फासा मिळवलात तर तंत्रात निदान एक फासा लागण्याची शक्यता 89 टक्क्यांवर जाते, बोलण्यात 31 वर. एकाच आकड्यात अख्खा माणूस आला. आमच्या वर्कशॉपचे एक सर एकदा सहज डोकावले होते. त्यांनी हे गणित उभ्या उभ्या मांडलं, मग बसले ते बाराला उठले. त्यांचा आकडा 2 होता, आणि वर्कशॉपमध्ये ते तसे वाटत नाहीत!

आता सूत्रधाराची तयारी, कारण सगळे घाबरतात ते यालाच. गोष्ट लिहू नका. परिस्थिती लिहा. अर्ध्या पानावर एवढंच : कुणाला काय हवंय, कुणी अडवलं नाही तर काय होईल, आणि तीन माणसं नि तीन जागा. शेवट लिहायचाच नाही, तो खेळाडू आणतात. सोबत दहा नावांची यादी मात्र ठेवा. घोडेवाल्याचं नाव काय, हे कुणीतरी विचारतंच, आणि ऐन वेळी 'अं...' झालं की सगळ्यांना कळतं. माझी सध्याची तयारी मेसच्या रांगेत होते. ही फुशारकी नव्हे, रांगच तेवढी मोठी असते.

घड्याळाचं मात्र लष्करी शिस्तीने पाळतो. मेस आटोपून साडेनऊला बसायचं, बाराला उठायचं. दहाच्या आत पात्रं तयार. सव्वाअकरा वाजले की सूत्रधाराने नवं काही आणायचं नाही, जे उघडलंय ते मिटवायला घ्यायचं. एखादा धागा राहिला तर राहू दे. लेडीज हॉस्टेलच्या मैत्रिणींना गेटची वेळ असते, तेव्हा त्या असतील तर रविवारी दुपारी कॅन्टीनमध्ये. सूत्रधार धरून पाच जण उत्तम, चारही चालतात. सातवर जाऊ नका, कारण तीन जण मोबाइल काढून बसतात. आणि कुणी आलं नाही तर? आलेत तेवढ्यांत खेळा. न आलेल्याचं पात्र यानात झोपलंय. ही सवलत पहिल्या दिवशीच जाहीर केली की सबमिशनवाल्याला अपराधी वाटत नाही आणि तो पुढच्या वेळी परत येतो. आमचा पहिला ग्रुप मोडला तो लोक आले नाहीत म्हणून नव्हे, न आलेल्यांना नंतर तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून.

टेबलावर एक गोष्ट पक्की हवी. आपल्याकडे सीनियर-ज्युनियर भानगड असते, आणि सूत्रधाराच्या हातात तसा बराच अधिकार असतो. ज्युनियरला गाढवाचं पात्र देऊन नाचवणं हा खेळ नव्हे, ते काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशात यावर जॉन स्टॅव्हरोपुलोस यांची एक साधी युक्ती बरीच वापरली जाते. एका कार्डावर मोठी फुली मारून ते मध्ये ठेवायचं. खेळात एखादी गोष्ट नको वाटली तर कुणीही त्याला हात लावायचा आणि ती गोष्ट तिथेच वगळायची. कारण विचारायचं नाही. आम्ही जुन्या लायब्ररी कार्डावर फुली मारली आहे. आजवर दोनदा हात लागला, दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात खेळ पुढे सरकला.

रेक्टर सरांना रात्री फासे दिसले तर जुगार वाटण्याचा संभव असतो, तेव्हा आधीच जाऊन सांगा. अमेरिकेतही गैरसमज झाले होतेच. 1979 मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला तेव्हा पेपरांनी खेळाला दोष दिला. मुलगा महिन्याभराने सापडला. खेळाचा संबंध नव्हता. तो आतून खचलेला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता भाषेचं. पानावरचे नियम इंग्रजीत आहेत म्हणून आम्ही सुरुवातीला इंग्रजीत खेळायचो, पिक्चरमधल्यासारखं. फर्स्ट इयरचा एक मुलगा यायचा, धुळ्याकडचा, मराठी मीडियमचा. त्याची पाळी आली की म्हणायचा, "पास." तीनदा आला, तीनदा पास. चौथ्यांदा येणार नाही हे मला दिसत होतं. मी चाळीसगावचा. त्या रात्री यानाला भेटलेल्या परग्रहवासीयांना मी अहिराणी बोलायला लावलं. पुण्या-मुंबईची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. हा पठ्ठ्या आधी हसला, मग सरळ होऊन बसला आणि परग्रहाच्या राजदूताशी फाडफाड बोलायला लागला. बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघत, "काय म्हणतोय रे तो? आम्हाला इंधन देतोय का?" त्याने इंधन मिळवलं, आणि भाषांतर करताना आमच्या कॅप्टनच्या नावावर दोन गोष्टी स्वतःच्या खपवल्या, त्या मला एकट्यालाच कळल्या. तेव्हापासून आम्ही नियम इंग्रजीत वाचतो आणि खेळतो मराठीत, आपापल्या मराठीत.

असे दोन-तीन खेळ झाले की मग डन्जन्स अँड ड्रॅगन्सकडे खुशाल वळा. त्यासाठी हॉस्टेलच्या लॅनवरच्या चोरीच्या पीडीएफची गरज नाही. जानेवारी 2023 पासून त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. तयार पात्रं घ्या, पहिल्या लेव्हलची, आणि एकच छोटी मोहीम. गाभा एवढाच : वीस बाजूंचा फासा टाका, आपल्या कौशल्याचा आकडा मिळवा, आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठा. सोप्याला 10, मध्यमला 15, अवघडला 20. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. फाशावर 11 हवे असतील तर 50 टक्क्यांचे थेट 75 होतात. 20 च हवे असतील तर पाचाचे जेमतेम पावणेदहा. का, ते आकडेमोड करून बघा, एम-थ्रीच्या आधी बरा सराव आहे.

वीस बाजूंचा फासा आणायचा कुठून? सुरुवातीला आणूच नका. एफएक्स-991 एमएस प्रत्येकाकडे असतो. शिफ्ट दाबून दशांशचिन्हाची कळ दाबली की 0.000 ते 0.999 मधला कुठलाही आकडा येतो. त्याला 20 ने गुणा, 1 मिळवा, अपूर्णांक सोडून द्या. हजार शक्यतांचे वीस समान भाग होतात, प्रत्येकी 50, म्हणजे फासा अगदी प्रामाणिक. सहा बाजूंसाठी मात्र ही युक्ती नको, कारण हजाराला सहाने भाग जात नाही. तिथे ल्युडोचा फासाच बरा. फोनवर ॲप असतात, पण फोन बाहेर आला की व्हॉट्सॲपही बाहेर येतं.

खेळ संपल्यावर उठायच्या आधी एकाने वहीत तीन ओळी लिहायच्या : कुठे आहोत, कुणाकडे काय आहे, काय राहिलंय. पीएल आणि परीक्षा धरून मध्ये दोन-दोन महिने जातात, तेव्हा या तीन ओळींवरच पुन्हा सुरू करता येतं. आमच्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे : यानात इंधन भरलं. कॅप्टन अजून बेशुद्ध. इंजिन रूमची किल्ली दुभाष्याकडे आहे आणि तो देत नाही.

ओरल्स संपल्या की पहिल्या शनिवारी, रूम नं. 14, साडेनऊला. एक जागा रिकामी आहे.