पारा पंचेचाळीस, फ्रेम तीस

१९ मे २०१५ रोजी ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ जगभर एकाच दिवशी आला. मेचा तिसरा आठवडा म्हणजे नागपूरजवळच्या आमच्या काटोलात उन्हाचा कहर. दुपारी बाजार ओस पडलेला आणि घराघरात कूलरची घरघर. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने खेळासोबत लागणाऱ्या सामग्रीची यादी दिली होती. तीत प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवरची जागा होती. खोलीचं तापमान आणि घरातलं व्होल्टेज मात्र कुठल्याच यादीत नसतं.

तेव्हापासून हा एक खेळ, आणि त्याच कंपनीचा पुढचा ‘सायबरपंक २०७७’, आमच्या तालुक्याच्या गावात नाना तऱ्हेच्या मशीनवर चालताना मी पाहत आलो आहे. नागपूरच्या सीताबर्डीहून सुटे भाग आणून जोडलेले पीसी, कॉलेजसाठी घेतलेले लॅपटॉप, नागपुरातून सेकंड हँड आलेली कार्डं, अशी कितीतरी मशीन उघडून पाहिली, काहींची धूळ झटकली, काहींना नवी थर्मल पेस्ट लावली. या सगळ्या काळाने एक गोष्ट मनात पक्की केली: खेळ कसा चालेल हे यादी सांगत नाही, मोजमाप सांगतं. आणि मोजायची सवय या गावातल्या पोरांना लागली, ही मला या दहा वर्षांची खरी कमाई वाटते.

यादीबाहेरचं कार्ड

‘विचर ३’ची किमान यादी अशी होती: कोअर आय५-२५०० के प्रोसेसर, ६ जीबी रॅम, जीटीएक्स ६६० कार्ड. २०१५ मध्ये काटोलात ज्या पोराकडे बरा पीसी होता, त्याच्याकडे बहुधा आय३ असायचा आणि कार्ड असलंच तर जीटीएक्स ७५० टीआय. यादी वाचली तर खेळाचं नावच काढायला नको.

प्रत्यक्षात झालं उलटं. ७५० टीआय हे ६० वॅटचं कार्ड. बहुतेक मॉडेलना वीजपुरवठ्याची वेगळी वायर लागत नाही, म्हणून कॅबिनेटसोबत आलेल्या साध्या एसएमपीएसवरही ते बसायचं. सावल्या कमी केल्या, झाडाझुडपांचं अंतर आखडलं, की फुल एचडीवर हा खेळ तीस फ्रेमच्या आसपास चालायचा. बाहेरच्या देशांतल्या परीक्षकांनीही तेव्हा याच जोडीवर, म्हणजे आय३ आणि ७५० टीआयवर, हा खेळ चालवून दाखवला होता. ‘भाऊ, चालून राहिला ना!’ असं म्हणत एकाने दुसऱ्याला पेन ड्राइव्हवर सेटिंगची फाइल द्यायची, असा तो काळ होता.

खेळ मिळवणंही सोपं नव्हतं. ३५ जीबीचा डाउनलोड. बीएसएनएलचा ब्रॉडबँड २ एमबीपीएसवर धरला तरी जवळजवळ ३९ तास, तेही लाइन न तुटता. स्टीम या ऑनलाइन दुकानात रुपयात किमती दिसायला लागल्या त्या नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याआधी परदेशी व्यवहार चालणारं बँकेचं कार्ड कुणाकडे असणार? नकली डिस्क आणि चोरीच्या फाइली सर्रास फिरत. ही कंपनीही अशाच बाजारातून वर आली, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. १९९४ मध्ये वॉर्सात सुरू झालेल्या सीडी प्रोजेक्टने १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला. तेव्हा तिथेही चोरीच्या डिस्कांचा सुळसुळाट होता. त्यांनी खेळासोबत नकाशा आणि पुस्तिका घालून विकत घेणाऱ्याला जास्तीचं काही दिलं, आणि लोकांनी तो विकत घेतला. पुढे जिओ आला, किमती रुपयात झाल्या, सेलमध्ये खेळ आवाक्यात आले, आणि आमच्याकडचीही बरीच पोरं विकत घ्यायला लागली.

सरासरीवर भागत नाही

पहिली दोन वर्षं सगळे एकच आकडा विचारायचे: फ्रेम किती? सेकंदाला तीस म्हणजे बरं, साठ म्हणजे उत्तम. पण कुणी सांगायचं की पंचेचाळीस मिळतात, आणि समोर बसून पाहिलं तर नोव्हिग्राड शहराच्या चौकात घोडा दर चार पावलांना अडखळायचा. आकडा खोटा नव्हता, अपुरा होता.

काटोलहून नागपूरला तासाला सहा गाड्या आहेत असं म्हटलं, पण त्यातल्या पाच एकामागोमाग आल्या आणि मग पाऊण तास स्टँडवर उभं राहावं लागलं, तर त्या सहाला काय अर्थ? फ्रेमचंही तसंच आहे. तीस फ्रेम म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांना एक चित्र. ते ठरल्या वेळी येत राहिलं तर डोळ्यांना खेळ सुरळीत वाटतो. एखादं चित्र शंभर मिलिसेकंद रखडलं तर सरासरी फारशी हलत नाही, हात मात्र चुकतो. २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वासन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चित्राचा वेळ मोजायची पद्धत मांडली, आणि हार्डवेअरची परीक्षा घेण्याची रीत बदलली. आमच्याकडे ती रिव्हाट्यूनर या प्रोग्रामच्या छोट्या आलेखाच्या रूपाने पोचली. पडद्याच्या कोपऱ्यात धावणारी ती रेघ सपाट असली की खेळ नीट, काटे उठले की कुठेतरी अडतंय.

ती रेघ बघायला लागल्यावर निदान बदललं. खेळातल्या वेलेन प्रांताच्या दलदलीत काटे आले तर दोष कार्डाचा: दाट झाडी, धुकं, पाणी. नोव्हिग्राडच्या बाजारात आले तर प्रोसेसरचा: शेकडो माणसं आपापल्या कामाला लागलेली, आणि दोन कोअरच्या आय३ची दमछाक. घोडा भरधाव सोडल्यावरच आले तर हार्ड डिस्कचा. मग उपायही जागच्या जागी सापडायचे. डळमळत्या पंचेचाळीसपेक्षा तीसवर बांधून घातलेला खेळ कितीतरी गोड लागतो, हे कळल्यावर बऱ्याच पोरांचं नवं कार्ड घेणं लांबणीवर पडलं. घरच्यांचे पैसे वाचले.

२०१५ मध्येच हेअरवर्क्सने मोठा धडा दिला. एनव्हिडियाच्या या तंत्रामुळे नायक गेराल्टचे आणि जनावरांचे केस सुटे सुटे हलायचे. पण एवढी एक गोष्ट चालू केली की फ्रेम धाडकन खाली यायच्या, आणि एएमडीच्या कार्डांवर तर फारच. केसांची रचना किती बारीक तुकड्यांत फोडायची ते ठरवणारा टेसलेशनचा आकडा ६४ वर ठेवलेला होता. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन तो १६ किंवा ८ वर आणला की केस जवळजवळ तसेच दिसायचे आणि गेलेला वेग बराचसा परत यायचा. एनव्हिडियाची स्वतःची आधीच्या पिढीतली कार्डंही सुरुवातीला मागे पडली होती. मे संपता संपता नवा ड्रायव्हर आला तेव्हा ती सावरली. सर्वांत वरचं सेटिंग म्हणजे सर्वांत चांगलं चित्र, हा समज तिथे गळून पडला.

उन्हाळ्याचा हिशोब

जानेवारीत उत्तम चालणारा पीसी मे महिन्यात का रडतो? पंख्याची ताकद तीच, पेस्ट तीच राहिली, तर खोली जेवढी तापते साधारण तेवढंच कार्डही जास्त तापतं. २४ अंशांच्या खोलीत कार्ड ७२ वर राहत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत ते ९० कडे निघतं. जीटीएक्स १०६० सारखं कार्ड ८३ च्या आसपास स्वतःला आवरायला लागतं: घड्याळगती कमी करतं, आणि फ्रेम गळतात. लॅपटॉपमध्ये हेच आणखी तीव्र, कारण प्रोसेसर आणि कार्ड एकाच पातळ तांब्याच्या नळीवर उष्णता टाकत असतात.

वैदर्भीय घरात यावर पहिला उपाय सुचतो तो कूलरचा. खोली गार होते हे खरं, पण ओल्या ताटीतून आलेली दमट हवा थेट कॅबिनेटवर सोडली तर धूळ चिकटून बसते आणि काही महिन्यांत स्लॉटचे संपर्क काळवंडतात. रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवण्याची कामं उन्हाळा संपता संपता हमखास यायची. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी, कॅबिनेटची बाजूची पत्री काढलेली, आणि फ्रेम तीसवर बांधलेल्या: काटोलचा उन्हाळा काढण्याची ही रीत हळूहळू रुळली. फ्रेम बांधल्या की कार्डाला मोकळ्या वेळात श्वास मिळतो, वीजही कमी लागते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं किंवा लाइन गेली, तर छोटा यूपीएस खेळ सेव्ह करण्यापुरता तग धरतो, तोही भार कमी असेल तरच.

हातात मावणारा विचर

१५ ऑक्टोबर २०१९ रोजी सेबर इंटरॅक्टिव्हने ‘विचर ३’ निन्टेन्डो स्विचवर आणला. २०१५ सालच्या टेग्रा एक्स१ चिपवर, ३२ जीबीच्या एका कार्डात, दोन्ही विस्तार कथांसकट अख्खा खेळ. हातात धरून खेळताना चित्र ५४० पिक्सेलचं, फ्रेम तीस. आमच्या आसपास स्विच कुणाकडे नव्हता, पण त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. ज्या जगासाठी मोठाल्या पीसींना घाम फुटला होता, ते टॅब्लेटच्या ताकदीच्या यंत्रात बसलं. गर्दी कमी केली, झाडं विरळ केली, सावल्या साध्या केल्या. कथा, संवाद, नकाशा यांना मात्र हात लावला नाही. पुढच्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनेही आपला ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आणला, ऑक्टोबरमध्ये पीसीवर. छोट्या यंत्रासाठी केलेली मेहनत खेळाला कमीपणा आणत नाही, हे दोन्हीकडे दिसलं.

एक बाइट आणि एक भ्रम

१० डिसेंबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा कंपनीची पत गेली. जुन्या कन्सोलवर तो इतका वाईट चालला की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. परत आला तो जून २०२१ मध्ये. पीसीवर तो खेळता येत होता, पण आमच्याकडे तेव्हा बऱ्याच जणांनी घेतलेला एएमडीचा सहा कोअरचा रायझन प्रोसेसर अर्धा रिकामा बसलेला दिसायचा.

कारण जगभरच्या खेळाडूंनी शोधून काढलं. एएमडीच्या जुन्या चिपसाठी लिहिलेली एक तपासणी नव्या रायझनला अर्धेच थ्रेड वापरू देत होती. खेळाची मुख्य फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडायची, ठरावीक ओळीत ७५ च्या जागी ‘ईबी’ लिहायचं, बस्स. ७५ म्हणजे ‘अट जुळली नाही तर उडी मार’, ईबी म्हणजे ‘विनाअट उडी मार’. एका बाइटच्या या बदलाने शहराच्या गर्दीतला वेग डोळ्यांना दिसेल इतका सुधारला. थोड्याच दिवसांत आलेल्या १.०५ पॅचने चार आणि सहा कोअरच्या रायझनसाठी ही सुधारणा अधिकृत केली.

त्याच आठवड्यात दुसरा एक उपाय वणव्यासारखा पसरला. खेळाच्या फोल्डरमध्ये मेमरीचे आकडे लिहिलेली एक सीएसव्ही फाइल होती. त्यातले आकडे वाढवले की खेळ पळतो, असं हजारोंनी शपथेवर सांगितलं. त्याच १.०५ पॅचमध्ये कंपनीने ती फाइल काढून टाकली आणि सांगितलं की ती खेळ बनवतानाची उरलेली फाइल आहे, तिचा खेळावर काहीही परिणाम होत नाही. फरक जाणवला असेल तर तो खेळ बंद करून पुन्हा सुरू केल्यामुळे असेल.

मला हे दोन किस्से शेजारी शेजारी ठेवून शिकवावेसे वाटतात. दोन्ही उपाय अनोळखी माणसांकडून आले, दोन्ही तितक्याच ठामपणे सांगितले गेले. एक खरा होता, एक भ्रम. फरक फक्त मोजून कळतो: तीच जागा, तोच वेळ, तीच सेटिंग, बदल एकच, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा मोजणी. प्रयोगशाळेत जी शिस्त शिकवायची, ती इथे पोरं आपणहून शिकली.

जुन्यांना बाहेरची वाट

‘सायबरपंक’ आल्यानंतरच्या दोन वर्षांत चिपचा तुटवडा आणि क्रिप्टोचं खाणकाम यांनी कार्डांच्या किमती आभाळाला भिडवल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवरचं खाणकाम संपवलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. स्वस्त होती, पण दिवसरात्र राबलेली. पंखे आणि पेस्ट बदलल्याशिवाय भरवसा नव्हता.

१४ डिसेंबर २०२२ रोजी ‘विचर ३’ला रे ट्रेसिंगसह मोठं मोफत अपडेट मिळालं. सुंदर होतं, पण डायरेक्टएक्स १२ मध्ये महागड्या मशीनही अडखळल्या. कंपनीने डायरेक्टएक्स ११ चा पर्याय ठेवला, म्हणून आमचे जुने पीसी वाचले. ‘सायबरपंक’ने मात्र सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटच्या सुमारास हार्ड डिस्क यादीतून काढली. जो खेळ ‘स्लो एचडीडी मोड’ घेऊन आला होता, त्याला आता एसएसडीच हवी. ज्याने खेळ घेतला तेव्हा त्याचं मशीन यादीत बसत होतं, त्याला तीन वर्षांनी यादीबाहेर जावं लागावं, हे मला पटत नाही. जुनी आवृत्ती हाताशी ठेवण्याची सोय प्रत्येक कंपनीने द्यायलाच हवी. दुसरीकडे एफएसआरसारखी तंत्रं मदतीला आली. लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करणारं हे तंत्र एएमडीने स्पर्धकांच्या जुन्या कार्डांनाही खुलं ठेवलं, आणि १०६० चं आयुष्य काही वर्षांनी वाढलं.

जून २०२५ मध्ये सीडी प्रोजेक्टने ‘विचर ४’ची तांत्रिक झलक दाखवली, ती साध्या प्लेस्टेशन ५ वर, साठ फ्रेममध्ये. सर्वांत महाग पीसीवर दाखवून टाळ्या घेणं सोपं होतं. लोकांच्या घरात जे यंत्र आहे त्यावर त्यांनी आधी दाखवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ‘सायबरपंक’च्या पहिल्या आठवड्यांनी हे शिकवलं असावं.

तो खेळ येईल तेव्हा त्याचीही यादी येईल. काटोलच्या पोरांना माझं एकच सांगणं आहे: यादी वाचून निराश होऊ नका आणि जाहिरात पाहून घरच्यांकडे हट्ट धरू नका. आधी आपल्या मशीनवर, मेच्या दुपारी, मोजून बघा. तुमच्यातले कितीतरी जण आज हाच अभ्यास नोकरीत सर्व्हरवर करताहेत, दुकानात गिऱ्हाइकाच्या मशीनवर करताहेत. जिथे अडतंय ती जागा नेमकी शोधायची, तिथेच उपाय करायचा आणि उपाय लागू पडला की नाही हे आकड्यांनी ठरवायचं, एवढं ज्याला जमलं त्याला कुठलंच यंत्र परकं राहत नाही.