शेळीची लस गाईला, गाईची लस माणसाला

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी जनावरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. राज्यातल्या त्या वर्षीच्या लम्पीची सुरुवात तिथून झाली. मग गोठ्यागोठ्यांत लस टोचली गेली. कोणती? शेळ्यांच्या देवीची! शेळीच्या रोगाची लस गाईला कशी लागू पडली? हे उमगले, की आपल्या लेकरांना लस का टोचायची तेही उमगेल.

आपले शरीर म्हणजे एक गावच. कातडी ही गावकुसाची भिंत. ती ओलांडून जंतू आत शिरला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जागल्यासारख्या त्याच्यावर तुटून पडतात. काही पेशी त्या जंतूच्या नेमक्या मापाची प्रतिपिंडे तयार करतात. पण चोर अनोळखी असला, तर या तयारीत बरेच दिवस जातात आणि तेवढ्यात रोग बळावतो. एकदा ओळख पटली, की काही पेशी ती वर्षानुवर्षे धरून ठेवतात. मग तोच जंतू पुन्हा आला तरी त्याची डाळ शिजत नाही.

लस ही ओळख रोग न होताच करून देते. दुबळा केलेला किंवा मेलेला जंतू, नाहीतर त्याचा अंश टोचला, की शरीर तयारीला लागते. शेळ्यांच्या देवीचा विषाणू हा लम्पीच्या विषाणूचा भाऊबंद. चेहरेपट्टी सारखी, म्हणून लस लागू पडली.

इंग्लंडच्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली असेच गाईच्या देवीच्या लशीने माणसाची देवी अडवली. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली; आपल्या देशातली ती पहिली. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. आजोबांच्या हातावरचे वण नातवाला घ्यावे लागले नाहीत, ते त्यामुळेच.

धनुर्वाताचे जंतू मात्र माती-शेणात असतातच. हा रोग होऊन गेला तरी शरीर त्याची ओळख धरत नाही, लसच हवी. गरोदर सुनेला ती टोचली, की बाळालाही संरक्षण मिळते.

बाळाला जन्मताच, मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास लशी द्याव्यात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत आहेत. पुढचा डोस म्हणजे ओळखीची उजळणी. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. तेवढ्यावरून पुढचा डोस टाळू नये. कापूस वेचणीच्या घाईत डोस चुकलाच, तर आशाताईंना विचारून लगेच घ्यावा. ऊसतोडीला निघताना भाकरीच्या गाठोड्याबरोबर बाळाचे लसीकरणाचे कार्डही बांधून घ्यावे.