मधल्या इयत्ता (लेखांक 11) : ‘पालकांना घेऊन ये’

आजचा लेखांक एलडीच्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या, चाचणीचा होता. सायन रुग्णालयात नाव नोंदवण्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंतची सगळी वाट लिहायची म्हणून टिपणंही काढली होती. ती बाजूला ठेवतोय, कारण धारूर तालुक्यातून एका बाईंचं पत्र आलं. बाई सातवीच्या वर्गशिक्षिका आहेत. लिहितात, “तुम्ही दर आठवड्याला सांगता, घरच्यांशी बोला. मी वहीत तीन-तीनदा ‘पालकांनी भेटावे’ असं लिहून पाठवते. कुणी फिरकत नाही. ज्यांनी यायला हवं नेमके तेच येत नाहीत. घरचे आणायचे कुठून?”

बाई, शाळेत समुपदेशक म्हणून काढलेल्या इतक्या वर्षांत मी कशाचा सगळ्यात जास्त विचार केला असेल तर तो या निरोपाचा.

‘पालकांना घेऊन ये.’ हे वाक्य ऐकलं की मोठ्या माणसांच्याही पोटात आज गोळा येतो. पहिली-दुसरीत ते क्वचितच कानावर पडतं. तिथे आई फाटकाशी रोज भेटते. डबा खाल्ला नाही, पडला, रडला, सगळं उभ्या उभ्या सांगून होतं. दहावीत पालक आपणहून येतात. मधल्या वर्गांत, पाचवी ते आठवीत, हे फाटकाजवळचं बोलणं बंद होतं. मूल एकटं येऊ-जाऊ लागतं. पुष्कळ गावांत चौथीनंतर शाळाच बदलते आणि एका बाईंच्या जागी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात. त्यातच या वयात मूल आपल्या घराकडे दुसऱ्याच्या नजरेनं बघायला लागतं. वडिलांची चप्पल, आईच्या बोलण्यातला गावाकडचा हेल, सगळं एकदम दिसायला लागतं. घरच्यांनी शाळेत यावं असं त्याला मुळातच वाटत नसतं. आणि नेमका याच वयात आपण त्याच्या हातात तक्रारीचा निरोप देतो आणि म्हणतो, पोचव.

शिक्षण हक्क कायदा 2009चा. त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली. छडी कपाटात गेली, फार चांगलं झालं. पण छडीचं काम अनेक शाळांमध्ये या निरोपावर येऊन पडलं. मी एकदा व्हरांड्यात पाहिलं: रात्रपाळी करून आलेले वडील, बाईंचं बोलणं जेमतेम संपलेलं, आणि सहावीतल्या मुलाच्या कानाखाली सगळ्यांसमोर आवाज निघाला. मी पोचेपर्यंत झालं होतं. वडील मला म्हणाले, “तुम्ही बोलावलंत म्हणजे हेच करायला ना?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, माझ्या खोलीतून घरी जाणारा प्रत्येक निरोप वेगळ्या रीतीनं पाठवायचा.

ती रीत मला शिकवली एका सातवीतल्या मुलानं. त्याच्या डायरीत चार शेरे होते आणि चारही शेऱ्यांखाली आईची झोकदार इंग्रजी सही. वर्गशिक्षिकेनं प्रवेशअर्ज काढून पाहिला, तर तिथे आईनं मराठीत, एकेक अक्षर सुटं लिहून सही केलेली. ‘खोट्या सह्या करतो’ म्हणून मुलगा माझ्याकडे आला. मी सहीचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, “आई शाळेत आली तर काय होईल?” तो बराच वेळ टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं उचकटत बसला. मग म्हणाला, “मधल्या सुट्टीत नका बोलावू.” आई ज्या घरांत पोळ्या करायला जायची, त्यातलं एक घर त्याच्याच वर्गातल्या मुलीचं होतं.

मग शनिवार ठरला. सकाळची शाळा, सगळे घरी गेल्यावर. दिवस त्यानं निवडला. फोन मी केला, पण त्याच्यासमोर, आणि काय बोलणार ते आधी त्याला सांगून. आई आली आणि दारातूनच म्हणाली, “काय केलं ह्यानं?” मी तिला आधी बसायला सांगितलं. टेबलाच्या पलीकडची खुर्ची सोडून मीही तिच्या बाजूला बसलो. मध्ये टेबल असलं की आई आरोपी होते. म्हटलं, “भूमितीत चांगला आहे. पहिला तास मात्र रोज बुडतो. सकाळी घरी काय गडबड असते ते तुम्हीच सांगू शकाल.” पाच मिनिटांत सगळं उलगडलं. आई साडेसहाला घराबाहेर पडते. धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडणं मुलाकडे, आणि अंगणवाडी उघडेपर्यंत इकडे शाळा भरलेली. वर्गशिक्षिकेनं जूनपर्यंत त्याचा उशीर शेऱ्याविना चालवून घ्यायचं कबूल केलं. जूनमध्ये बहीण पहिलीत जाणार होती. सहीचं त्यानं आपणहूनच सांगितलं. आईनं डायरी हातात घेऊन ती सही नीट पाहिली. म्हणाली, “मला शिकव अशी.”

तेव्हापासून घरी निरोप जाण्याआधी मी मुलाला विचारतो: घरी कोण येऊ शकेल, कधी, मी काय सांगितलेलं चालेल आणि यातलं काय तू स्वतः सांगशील? शेवटच्या प्रश्नावर मुलं थबकतात. पण बहुतेक जण काहीतरी स्वतःकडे घेतात, आणि ते घेतलं की पाठीचा कणा जरा ताठ होतो. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळी अकराला बोलावणं म्हणजे त्याचा दिवस कापणं, हेही मी याच मुलांकडून शिकलो.

इथे एक अपवाद ठळकपणे सांगतो, कारण यात चूक झाली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. मुलाच्या बोलण्यातून घरातच कुणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतंय असं कळलं किंवा तशी शंका आली, तर ‘पालकांशी बोलून बघू’ म्हणायचं नाही. 2012च्या पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे ही माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला देणं सक्तीचं आहे, समुपदेशकालासुद्धा. तिथून विषय बालकल्याण समितीपर्यंत जातो. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये हवा. म्हणूनच पहिल्याच भेटीत मी मुलाला सांगतो, “तू सांगितलेलं माझ्याकडे राहील. पण तुला कुणी इजा करतंय असं कळलं तर मी गप्प बसणार नाही. आणि कुणाला सांगणार ते तुला सांगूनच करीन.” मुलांना हे समजतं. मोठ्यांना वाटतं त्याहून चांगलं समजतं.

आता धारूर. बाई, तुमच्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागे राहिलेल्या मुलाजवळ आजी असते. तुम्ही वहीत ‘पालकांनी भेटावे’ लिहिता तेव्हा त्या शब्दात आपण येतो हे आजीच्या ध्यानातही येत नाही. आणि तिला वाचता येत नसेल, तर तो शेरा तिला वाचून दाखवणारा घरात एकच माणूस: तुमचा तोच विद्यार्थी! तो काय वाचून दाखवत असेल याचा अंदाज तुम्हालाही असेल.

घरचे येत नसतील तर आपण घरी जायचं, ही वाट जुनीच आहे. 1937 साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेनं, म्हणजे आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं (टीआयएसएस), बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. त्या पद्धतीत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ती मिळून मुलाचा विचार करत, आणि घरची बाजू समजून घेणं हे समाजकार्यकर्तीचं काम असे. घरापर्यंत कुणीतरी जायचं, हे त्या कामात गृहीतच होतं. आपण ते विसरलो आणि सगळी पायपीट घरच्यांवर टाकली. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. माझ्या वाट्याला त्याच्या कित्येक पट मुलं आहेत आणि तुमच्या शाळेत तर समुपदेशकच नाही. तेव्हा प्रत्येक घरी जा असं मी म्हणणार नाही. वर्गातली पाच-सहा मुलं निवडा, ज्यांचे पालक ‘कधीच येत नाहीत’. टोळी निघण्याआधी, घटस्थापनेच्या आगेमागे, एकेका संध्याकाळी त्यांच्या दारात जा. वही नेऊ नका, तक्रार नेऊ नका. मुलाला कळवून जा. आईवडिलांना एवढंच विचारा, की तुम्ही तिकडे असताना कुणाला फोन करू आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? आजीला सांगा, की शाळेच्या लेखी आता तुम्हीच.

पाडव्यानंतर मला लिहा काय झालं ते. एलडीची टिपणं पुढच्या आठवड्यात.