विहिरीतला सूर आणि मालवणचा तळ

मालवणला स्कूबा करायचा प्लॅन ग्रुपवर शिजतोय? मग बुकिंग करण्याआधी हे वाचा. घाटावरच्या पोरापोरींसाठी दोन-चार गोष्टी खास वेगळ्या आहेत.

कोरेगाव, रहिमतपूर, वाठार पट्ट्यातली निम्मी पोरं पोहायला विहिरीत शिकली. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि काठावर ओरडणारा काका. पुढे धाडस वाढलं की पैज लागते: तळाची माती कोण वर आणतो? छाती भरून श्वास घ्यायचा, सूर मारायचा, कान ठणकायला लागले तरी खाली जायचं आणि मुठीत चिखल घेऊन वर यायचं.

त्यामुळे मालवणचं नाव निघालं की असा पट्टीचा पोहणारा म्हणतो, "आपल्याला काय शिकवतायत!" नेमकी त्यालाच जास्त काळजी घ्यावी लागते. विहिरीत जे जमलं म्हणून शाबासकी मिळाली, तेच स्कूबात जिवावर बेतू शकतं.

श्वास रोखू नका

अकरावीतला बॉईलचा नियम आठवा. दाब वाढला की वायूचं आकारमान कमी होतं आणि दाब कमी झाला की वाढतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलात की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत घेऊन खाली जाता. ती खाली आकसते आणि वर येताना पूर्वीएवढी होते, म्हणून काही बिघडत नाही.

स्कूबात तुम्ही खाली असतानाच सिलिंडरमधली हवा घेता. (ती साधी, दाबून भरलेली हवा असते. 'ऑक्सिजनची टाकी' हा गैरसमज.) दहा मीटरवर छाती भरून घेतलीत आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढं फुगता येत नाही. भरल्या छातीने दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास चालू ठेवायचा. घाबरलात तरी, खोकला आला तरी.

कानाचंही तसंच. विहिरीत ठणका सहन करणं ही मर्दुमकी होती. इथे ठणका सुरू व्हायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. जमलं नाही तर थोडं वर यायचं, पुन्हा करून बघायचं. जोर लावला तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाहीच.

आणि हो, पाण्याखाली अंगठा वर करून 'भारी' म्हणू नका. तिथे त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा आहे. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करतात.

जातोय ते अभयारण्य आहे

मालवणचा हा समुद्र कायद्याने संरक्षित आहे, हे तिथे जाऊन आलेल्या अनेकांना माहीतच नसतं. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला ३ चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढतात.

प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते जिवंत प्राणी आहेत. अतिशय सावकाश वाढतात. तुमचा एक पाय चुकून पडला तर अनेक वर्षांची वाढ मोडते. म्हणून तळावर उभं राहायचं नाही, खडकाला धरायचं नाही. फोटोत मासे भोवती जमावेत म्हणून कुणी पाव-बिस्किटं चारायला दिली, तर नको म्हणा. ते माशांचं खाणं नव्हे.

प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकलात तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे. बाजारात कुणी विकत असला तरी घेऊ नका.

इथल्या मच्छीमारांसाठी हा समुद्र म्हणजे रोजचं शेत. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून त्यांच्या मनात 'आमच्या मासेमारीचं काय' हा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. मात्र त्यांच्यातलीच कितीतरी घरं आज होडी, न्याहारी-निवास आणि स्कूबावर चालतात. खडक जिवंत राहिले तरच मासा राहील आणि पर्यटकही येईल. आपल्या बांधावरून कुणी पीक तुडवत गेलं तर कसं वाटतं? तेवढं लक्षात ठेवून पाण्यात उतरा.

कधी, कसं, किती दिवस?

पावसाळ्यात समुद्र बंद. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत हंगाम, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. अंदमानच्या व्हिडिओसारखी निळाई इथे शोधू नका. काही मीटरपर्यंत स्पष्ट दिसलं तर दिवस चांगला समजा.

कोरेगावातून रेल्वे मिरजेमार्गे कोल्हापूरपर्यंत नेते. पण कोल्हापुरातून रूळ खाली कोकणात उतरत नाहीत. पुढे एसटी किंवा स्वतःची गाडी, गगनबावड्याहून करूळ घाटाने नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाटाने. कुठला घाट चालू आहे ते निघण्याआधी विचारा. रात्रभर गाडी हाणून सकाळी थेट होडीत बसणं टाळा. अपुरी झोप आणि लाटांवर हलणारी होडी म्हणजे उलटी ठरलेली.

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी 'ट्राय डाइव्ह' असतो. प्रशिक्षक सोबत, खोली साधारण दहा मीटरच्या आत, वेळ पंधरा-वीस मिनिटं. यासाठी पोहता येणं सक्तीचं नसतं. पुढे जायचं असेल तर 'ओपन वॉटर' कोर्स आहे: तीन-चार दिवस, अठरा मीटरपर्यंतची परवानगी, आणि त्यात मात्र पोहण्याची परीक्षा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही चौकशी करता येईल.

विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा सर्वांत उथळ भागच वीस मीटरच्या आसपास खाली आहे. म्हणजे ते स्वप्न कोर्सनंतरचं.

परतीचा घाट

ही गोष्ट मुंबईकराला कुणी सांगणार नाही, आपल्याला मात्र कळायलाच हवी. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलात, तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला असतो.

आपण विमानात बसत नाही, पण घाट चढतो. सातारा शहरच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. एका उथळ ट्राय डाइव्हने शरीरावर फार भार पडत नाही. तरी डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवा, रात्री मालवणात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढा. कोर्स केलात तर ही रात्र सोडूच नका. परतल्यावर सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, चक्कर आली, तर 'दमलो असेन' म्हणून झोपू नका. डॉक्टरकडे जा आणि डाइव्ह केला होता हे सांगा.

पैसे देण्याआधी विचारा

• प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? पाण्याखाली एका प्रशिक्षकामागे किती जण?
• आधी उथळ पाण्यात सराव घेतात का, की थेट खाली नेतात?
• आरोग्याचा फॉर्म भरून घेतात का? दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.
• होडीवर लाइफ जॅकेट, प्राथमिक उपचार आणि ऑक्सिजन आहे का?
• कपडे बदलायला नीट खोली आहे का? मुलींनो, हा प्रश्न बिनधास्त विचारा. आणि पाळी आहे म्हणून डाइव्ह करता येत नाही, असा काही नियम नाही.

आदल्या रात्री दारू नाही. फॉर्मवर 'सगळं ठीक' असं सवयीने टिक करत जाऊ नका.

शेवटचं, घरचं. 'कॉलेजची सहल आहे' अशी थाप मारून जाऊ नका. कुठे, कुणाबरोबर, कुठल्या केंद्रात हे घरी लिहून ठेवा. आई घाबरेल, वडील नको म्हणतील. मग त्यांना वरचे प्रश्न आणि तुम्हाला मिळालेली उत्तरं वाचून दाखवा. उत्तरं पटण्यासारखी असतील तर ते तयार होतील. नसतील, तर त्या केंद्रात तुम्हीही जाऊ नका.