पाळीव प्राणी आणि पालकाचे दायित्व : कळंबोली परिसराच्या निमित्ताने

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी योजले जाते. आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो. त्याचप्रमाणे वचन पाळतो, पथ्य पाळतो. पहिल्या प्रयोगात कर्माच्या जागी दुसरा जीव असतो. दुसऱ्यात कर्त्याने स्वतःवर घालून घेतलेले बंधन असते. दुसऱ्या अर्थाचा आधार नसेल, तर पहिल्या अर्थी ‘पाळणे’ नीतीच्या कसोटीस उतरत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विचारासाठी पनवेलजवळील कळंबोलीचे उदाहरण उपयुक्त ठरते. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या भागातील शेतजमिनींवर वसाहत, लोखंड-पोलाद बाजार व मालमोटारींचे तळ उभे राहिले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत कळंबोलीचा समावेश झाला. गोठा आणि अंगण असलेल्या गावात जनावर हे घराच्या अर्थव्यवहाराचे अंग असते. बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो. दोघांनाही मोकळ्या आवाराचा लाभ असतो. सदनिकेत आणलेल्या कुत्र्याकडे असे काम नसते आणि आवारही नसते. त्याचे खाणे, फिरणे, प्रजनन, किंबहुना मलमूत्रविसर्जनाची वेळही मालक ठरवितो. प्रेम वाढले असेल. परंतु परावलंबनही त्याच प्रमाणात वाढले आहे.

या परावलंबनाविषयी नीतिशास्त्रात निरनिराळी मते आढळतात. कांटच्या मते प्राण्यांविषयीची आपली कर्तव्ये अप्रत्यक्ष होत. आयुष्यभर इमाने सेवा केलेल्या कुत्र्याला म्हातारपणी मालकाने सांभाळले पाहिजे. कारण तसे न केल्याने मालकाच्या ठायी असलेली माणुसकी क्षीण होते. बेंथॅमने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धीऐवजी वेदनाक्षमता हाच निकष मानला. अलीकडे गॅरी फ्रान्सिओन यांनी पाळीव प्राण्यांची पैदासच थांबवावी, असा टोकाचा पक्ष मांडला; तर डोनाल्डसन व किमलिका यांनी २०११ च्या ‘झूपोलिस’ या ग्रंथात पाळीव प्राण्यांना समाजाचे सहनागरिक मानावे, असे सुचविले. हे पक्ष परस्परविरोधी असले, तरी शेवटच्या दोहोंना एक गोष्ट मान्य आहे : माणसाने ज्या जीवाला परावलंबी बनविले, त्याचे माणसावर ऋण आहे. अस्तित्वात असलेल्या प्राण्यांचा सांभाळ करावा, हे फ्रान्सिओनही मान्य करतात.

मग हे ऋण मालकीतून उत्पन्न होते काय? भारतीय परंपरेचे उत्तर नकारार्थी दिसते. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर ज्या कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो, तो त्याने पाळलेला नव्हता. तो केवळ त्याच्यामागून चालत आला होता. आश्रयास आलेल्याचा त्याग करणे, हाच तेथे अधर्म ठरतो.

याउलट १९२६ मध्ये गांधीजींनी वेगळी बाजू पुढे आणली. अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने पिसाळल्याच्या भीतीने साठ कुत्री मारविली, तेव्हा ‘यंग इंडिया’तून त्यांनी त्या कृत्याचे समर्थन केले. धनी नसलेली कुत्री समाजास धोकादायक होतात, आणि तुकडा टाकून निघून जाण्यात दया नाही. दया करावयाची तर कुत्र्याचा पूर्ण भार उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मारण्याचा त्यांचा उपाय आज कायद्याला व पुष्कळांच्या नीतिबुद्धीलाही मान्य नाही. तथापि अर्धवट दयेवरील त्यांचा आक्षेप अद्याप निरुत्तर झालेला नाही.

कळंबोलीसारख्या ठिकाणी हा आक्षेप विशेष लागू पडतो. गुदामे, खाणावळी आणि कचऱ्याचे ढीग असतात तेथे कुत्र्यांची वस्ती वाढते. त्यांना कोणी विकत घेतलेले नसते; पण त्यांचे जगणे सर्वस्वी आपल्या उष्ट्यावर चालते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी अशा प्राण्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले, निर्बीजीकरण व लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे दिली आणि खाऊ घालण्याची व्यवस्था लावण्याचे काम रहिवाशांच्या संघांवर सोपविले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली व आक्रमक वगळून, मूळ जागी सोडावीत आणि त्यांना ठरविलेल्या ठिकाणीच खाऊ घालावे, असे सांगितले. यातील तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे. रोज बिस्किटे घालणारा आणि लस टोचून घेण्याची तसदी न घेणारा मनुष्य पुण्य स्वतःकडे ठेवतो. धोका मात्र रात्रपाळीहून पायी परतणाऱ्या कामगारावर आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलावर ढकलतो.

या सामुदायिक दायित्वाची व्याप्ती किती दूर जाते, हे कळंबोलीलगतच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये दिसून आले. तेथे काही भटकी कुत्री निळ्या रंगाची झालेली आढळली. रंगद्रव्ये बनविणाऱ्या एका कारखान्याकडे संशयाची सुई वळली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करण्याचा आदेश दिला. कासाडी नदीच्या प्रदूषणाविषयी रहिवाशांच्या तक्रारी होत्याच. त्यांकडे देशाचे लक्ष मात्र कुत्र्यांच्या निळ्या कातडीने वेधले. ज्यांना कोणी मालक नव्हता, त्यांच्या अंगावर साऱ्या परिसराच्या वर्तनाची नोंद उमटली होती.

पिंजऱ्यातील पोपटाची गोष्ट याहून निराळी आहे. कुत्र्याचे परावलंबन हजारो वर्षांच्या सहवासातून आले; पोपटाचे परावलंबन त्याला पकडल्याच्या क्षणी निर्माण होते. आपल्याकडील पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो घरी बाळगणे अपराध आहे. येथे उत्तम पालनानेही मूळ अन्याय धुऊन निघत नाही. तरीही वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकाएकी उडवून देणे म्हणजे मुक्ती नव्हे. त्याला अन्न शोधणे वा शत्रू ओळखणे जमेलच असे नाही. तो वनखात्याच्या स्वाधीन करणे हेच उचित होय.

कायद्याने दायित्वाची किमान मर्यादा आखली आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरविणे, अन्नपाणी न देणे आणि सबळ कारणावाचून प्राण्याला वाऱ्यावर सोडणे, हे सर्व क्रौर्य मानले आहे. मूळ कायद्यात पहिल्या अपराधास ५० रुपयांपर्यंत दंड होता. यावरून एवढेच ध्यानात येते की, दंडाच्या भयाने हे कर्तव्य पार पडणार नाही.

सारांश, प्राणी पाळावा की पाळू नये, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. परावलंबन कोणी निर्माण केले, आणि ते निभावण्याची सिद्धता आहे काय, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारता येतात. पिलू घरी आणणाऱ्याने दहा-बारा वर्षांचा हिशेब आधी मांडावा : बदली, आजार, म्हातारपण आणि शेजाऱ्यांची झोप यांसह. तो जुळत नसेल, तर न पाळणे हाही प्राण्यावरील प्रेमाचाच एक प्रकार आहे.