एका शेणकिड्याच्या ५४० पल्सर

दीडशे सीसीची पल्सर साधारण १४८ किलो भरते. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या अशा ५४० पल्सर एका दोरखंडाला बांधायच्या आणि ७० किलोच्या गड्याला म्हणायचं, ओढ! एक शेणकिडा आपल्या मापानं एवढं ओढतो. स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट.

त्याचं नाव ऑन्थोफॅगस टॉरस. उत्तर आफ्रिका, दक्षिण युरोप हा त्याचा मूळ मुलूख. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, रंग काळा नाहीतर काळपट तपकिरी, पुढचे पाय माती उकरायला रुंद आणि दातेरी. मोठ्या नराच्या डोक्यावर मागे वळलेली दोन लांब शिंगं. टॉरस म्हणजे बैल. कुठला म्हणाल, तर भोसरीच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी मारणारा खिल्लारच. शिंगांची तीच धनुष्यासारखी ऐट!

त्यानं ओढलेलं वजन मोजलं रॉब नेल आणि ली सिमन्स या शास्त्रज्ञांनी; निष्कर्ष आले २०१० मध्ये. किड्याच्या पाठीला दोरा चिकटवला, तो कप्पीवरून नेऊन इवल्या बादलीला बांधला आणि बादलीत थेंबथेंब पाणी सोडलं. किडा बोगद्यात पाय रोवून बसलेला. ही ताकद त्याला लागते, कारण शेणाखालच्या भुयारात मादीसाठी दोन नर शिंगाला शिंग भिडवून एकमेकांना बाहेर रेटतात. चार दिवस निकस खायला घातलं, तर हाच पैलवान लुळा पडतो.

पल्सरची तुलना मात्र थोडी लबाडीची आहे, हे कबूल करतो. प्राणी लांबीरुंदीला दहापट वाढवला, की त्याच्या स्नायूंचा छेद शंभरपट होतो आणि वजन हजारपट. किडा माणसाएवढा फुगवला, तर पल्सर राहू द्या, त्याला स्वतःचं अंग उचलणं जड जाईल. लहान असण्यातच अर्धी ताकद आहे.

त्याहून गमतीचे आहेत ते बिनशिंगाचे नर. अळी असताना खाणं कमी मिळालं, म्हणून हे खुजे राहतात. ते कुस्तीला उतरतच नाहीत. शिंगवाला दारात पहारा देत असतो, तेव्हा हे बाजूनं भुयार खणून मादीपर्यंत पोचतात. शरीराच्या मानानं त्यांची वृषणं मोठी असतात.

ऑन्थोफॅगस घराण्यात २,००० हून अधिक जाती आहेत, आपल्याकडेही बऱ्याच. पावसाळ्यात चाकणच्या जनावरांच्या बाजारात शेणाचा एखादा पो काडीनं उलटून पाहा. शिंगवाला दिसला, तर आजूबाजूची मातीही जरा उकरा. बिनशिंगाचा तिथेच कुठेतरी असेल.