गच्चीवरची फळबाग : अंजिराची कात्री दसऱ्याला

बहार म्हणजे काय, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. आंबिया धरायचा की मृग, ताण किती दिवसांचा, पाणी कधी सोडायचं, ही बोलणी काटोल-वरूडच्या संत्राबागांमधून शहरातल्या घरांपर्यंत कायम पोचत आली आहेत. पण गच्चीवर कुंडीत अंजीर लावलं की हा सगळा हिशेब विसरला जातो. झाड दोन-तीन वर्षांत डोक्याच्या वर जातं, पंजापेक्षा मोठी पानं काढतं आणि फळं धरतात ती पार शेंड्याला, चार-दोन. लोक खत बदलतात, माती बदलतात, रोपवाटिकेला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं : झाडाला कात्री लागलेली नसते.

अंजिराचं मुख्य फळ नव्या काडीवर, पानाच्या बगलेत धरतं. जितक्या नव्या काड्या आणि जितकी सशक्त पानं, तितक्या फळाच्या जागा. मागच्या हंगामाच्या लाकडावरही थोडी फळं येतात, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. न छाटलेलं झाड दरवर्षी फक्त टोकाला वाढतं, खालचे डोळे झोपून राहतात आणि खोड बोडकं दिसू लागतं.

छाटणी कधी, याचं उत्तर पुरंदरकडे आहे. सासवडच्या आसपास दिवे, सोनोरी, गुरोळी, राजेवाडी या गावांनी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच तालुक्यात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. इथले शेतकरी दोन बहार धरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस छाटून हिवाळ्यात फळ घेतात तो खट्टा बहार. पावसाळा सरताना छाटून उन्हाळ्याच्या तोंडाशी फळ घेतात तो मीठा. नावांतच चव आली. खट्ट्याचं फळ पावसाळी, ढगाळ दिवसांत वाढतं, मिठ्याला कोरडी हवा आणि भरपूर ऊन मिळतं.

नागपूरच्या गच्चीसाठी मीठाच धरावा. पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या दमटपणात अंजिराच्या पानांना तांबेरा हमखास गाठतो. पानाखाली तांबूस पूड दिसू लागली की काही दिवसांत झाड उघडं पडतं. खट्ट्याची कोवळी फळं त्याच वेळी काडीवर असतात. पान गेलं की फळाला पोसणार कोण? मिठ्याचं गणित इथे बरोबर बसतं. दसरा-कोजागिरीच्या सुमारास छाटलेल्या झाडाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकू लागतं आणि पारा चाळिशीपार जाण्याआधी बराचसा तोडा संपतो.

छाटणीआधी पाणी आवरतं घ्यावं. पानं पिवळी होऊन गळू लागली की झाड तयार आहे असं समजावं. मग कात्री उचलायची, आणि घाबरायचं नाही. खोड कमरेच्या खालीच थांबवून चार दिशांना चार फांद्या ठेवाव्यात. पावसाळ्यात वाढलेली प्रत्येक काडी बुडाशी तीन-चार डोळे राखून कापावी. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या अर्ध्या बोटावर तिरका काप द्यावा. कापलं की पांढराशुभ्र चीक टपटपू लागतो. तो अंगावर घेऊ नये, कातडीला खाज सुटते, फोडही येतात, हातमोजे हवेतच. आत घुसलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या काड्या आणि बुडातून निघालेले फुटवे काढून टाकावेत. चीक थांबला की जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी.

एखादी जाड फांदी बोडकीच राहते, डोळे असूनही फुटत नाहीत. पुण्याकडचे बागाईतदार अशा डोळ्याच्या किंचित वर सालीला तिरकी खाच पाडतात, साधारण अडीच सेंटिमीटर लांब. शेंड्याकडून खाली येणारी आज्ञा तिथे अडते आणि झोपलेला डोळा जागा होतो. कुंडीतल्या झाडावर हा प्रयोग जरूर करून पाहावा.

रोप घेताना ‘पूना’ किंवा ‘दिनकर’ जातीचं कलम मागावं. अंजीर हे उंबराचं भावंड. फळ दिसतं ते खरं तर मिटलेलं फूलघर, फुलं सगळी आत. म्हणून तर उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. उंबराला परागणासाठी आत शिरणारी चिलटं लागतात, आणि उंबर फोडून केंबरं काढण्याची म्हण त्यातूनच आली. पूना अंजिराला त्यांची गरज नाही. ते परागणाशिवाय धरतं, म्हणून गच्चीवर एकटं झाडही पुरतं.

कुंडी अठरा इंची असावी आणि तिच्यात निव्वळ काळी माती कधीही भरू नये. ती पावसात चिकट गोळा होते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग कुजलेलं शेणखत हे मिश्रण चांगलं. युरियाचा मोह टाळावा, त्याने नुसती पानं माजतात. दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळीच झाड कुंडीतून काढून मुळांचा बाहेरचा इंचभर थर सुरीने तासावा आणि नवी माती भरावी. नवतपात स्लॅब तव्यासारखा तापतो, तेव्हा कुंडी विटांवर ठेवून तिच्याभोवती ओलं बारदान गुंडाळावं आणि वर हिरवी जाळी बांधावी. झाडापेक्षा मुळांना जपणं तेव्हा जास्त गरजेचं.

फळ धरल्यावर एक टप्पा हमखास घाबरवतो. सुरुवातीला भराभर वाढलेलं अंजीर मध्येच कित्येक आठवडे जसंच्या तसं राहतं. नागपूरच्या थंडीत तर ते आणखी रेंगाळतं. तेव्हा खताचा मारा करू नये, पाणी मात्र नेमाने द्यावं, कारण कोरडं ठेवून एकदम भरपूर पाजलं की पिकताना साल तडकते. मग शेवटच्या काही दिवसांत फळ अचानक फुगतं, रंग चढतो आणि मान वाकते. बुलबुलांना हे माणसाआधी कळतं, म्हणून जाळी त्याआधीच लागलेली असावी.

सासवडहून नागपूरला येणारं अंजीर सातशे किलोमीटरहून अधिक प्रवास करतं, त्यामुळे ते थोडं टणक असतानाच काढावं लागतं. आणि झाडावरून तोडलेल्या अंजिरात पुढे गोडी भरत नाही. गच्चीवरच्या झाडाला ती घाई नाही. मान वाकलेलं, बोटाखाली मऊ लागणारं फळ सकाळच्या गारव्यात अलगद वर उचलावं. देठाशी चिकाचा पांढरा थेंब आला, तर बाकीच्या फळांना आणखी दोन दिवस द्यावेत.